रविवारचा पाऊस

समुद्र मी तेव्हा पाहिलेला नव्हता, आणि तरी त्या मे महिन्यात मी चारचौघांत समुद्रावर बोलत होते. नव्वदच्या दशकाची अखेर. मी कोल्हारची, रोज एसटीने कॉलेजला जाणारी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या कॉलेजच्या गच्चीवर सरकारने उपग्रहाची मोठी छत्री बसवून दिली होती आणि तिच्यावरून उन्हाळी वर्ग चालायचा, समुद्र आणि हवामान या विषयाचा. दूर कुठल्या शहरातल्या स्टुडिओत शास्त्रज्ञ बोलायचे आणि आम्ही वीस-बावीस पोरं-पोरी प्रयोगशाळेत टीव्हीपुढे बसून वहीत उतरवून घ्यायचो. प्रश्न विचारायचा तर टेबलावरच्या फोनने. फोन लागला की आपलाच आवाज टीव्हीतून सगळ्या केंद्रांवर ऐकू येई. निम्म्या वेळा लाईट गेलेली असायची. पण ज्या दिवशी असे, त्या दिवशी मी पहिल्या बाकावर. डोक्यात हवा गेली होती माझ्या, दुसरं काय.

शेवटच्या आठवड्यात सांगितलं गेलं की आपापल्या भागाच्या पावसाची नोंद मिळवा आणि त्यातून काय दिसतं ते शेवटच्या दिवशी फोनवर मांडा. बाकीचे तहसिलात खेटे घालत बसले. मला घराबाहेर पाऊल टाकायची गरज नव्हती. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्याच्या बंगल्यावर चौकीदार, आणि तिथल्या अंगणातलं पाऊस मोजायचं भांडं त्यांच्या ताब्यात. वर फनेल, आत बाटली. सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी रेघांच्या ग्लासात ओतायचं, आकडा वहीत लिहायचा. आबा चौथी शिकलेले, पण आकडे असे सुबक की बघत राहावं. गावात त्यांना चौकीदार म्हणून कुणी फारसं विचारत नसे. पण पाऊस किती झाला हे विचारायला मात्र बागाईतदारसुद्धा त्यांच्याकडे येत, आणि ते सांगताना आबा सरळ ताठ उभे राहत. त्यांची सगळी इज्जत त्या वहीत होती. मी वही मागितली तेव्हा त्यांनी ती धोतराला पुसून दिली आणि म्हणाले, "आपली वही समुद्रवाल्या सायबांस्नी कशी वाटती, त्येवढं इचार."

मी तीन दिवस बसून वाराप्रमाणे पाऊस मांडला. आणि सापडलं की! आमच्याकडे रविवारी पाऊस पडतच नाही. वर्षामागून वर्षं, सगळ्या रविवारी शून्य, आणि सोमवारी सगळ्यात जास्त. मला आनंदाने जेवण जाईना. कारणही मीच शोधलं. साखर कारखान्याच्या धुराड्याचा धूर, रविवारची सुट्टी, ढगांवर होणारा परिणाम, असं सगळं झकास जुळवलं. पावसाळ्यात कारखाना बंदच असतो, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. मला सुचलं नाही. आबांना विचारलं असतं तर एका वाक्यात उलगडा झाला असता. पण मला त्यांना चकित करायचं होतं.

शेवटच्या दिवशी घरच्यांना बोलावलं होतं. आबा पांढरा सदरा घालून आले, मागच्या बाकावर बसले. फोन लागला. मी आलेख सांगितला, धुराडं सांगितलं. टीव्हीतले शास्त्रज्ञ मराठीच होते, भले गृहस्थ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, जरासे हसले आणि म्हणाले की पावसाला वार कळत नाही, तो माणसालाच कळतो. तुमचा निरीक्षक रविवारी कुठे जातो, ते आधी बघा. सगळ्या केंद्रांवर हशा पिकला असणार. आमच्या खोलीत तर पिकलाच.

आबा रविवारी कुठे जातात, हे मला पक्कं ठाऊक होतं. पहाटे उठून ते शेजारच्या गावच्या विहारात वंदना घ्यायला आणि पोरांना शिकवायला जात, दुपारी परतत. माझ्या जन्माच्या आधीपासून. हे दोन्ही शेजारी ठेवून बघायची अक्कल मला झाली नव्हती. तेवढ्यात टीव्हीतल्या शास्त्रज्ञांनी विचारलं, "निरीक्षक कोण आहेत? तुमच्या ओळखीचे आहेत का?"

मी म्हणाले, "नाही सर. ओळखीचे नाहीत."

माझा आवाज टीव्हीतून परत आला. ओळखीचे नाहीत. खोलीत सगळ्यांनी तो दोनदा ऐकला, आबांनीही. मी मागे वळून पाहिलं नाही.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. तेच आपणहून सांगू लागले. तालुक्याच्या क्लार्काने एकदा वही फेकली होती, रकाना मोकळा चालत नाही म्हणून. तेव्हापासून ते रविवारी शून्य टाकत. पण सोमवारी साठलेलं सगळं पाणी मोजून लिहीत, थेंब सोडत नसत. महिन्याची बेरीज कधी चुकलेली नाही, असंही म्हणाले. मग माझ्याकडे बघून बोलले, "वळख न्हाई म्हनलीस ते बरं केलंस, पोरी. माझ्यापायी तुझं नाव खराब झालं असतं." मला वाटत होतं ते रागावतील, दोन कानशिलात देतील. ते खरंच समजूत घालत होते. माफी मागायला एवढी चांगली वेळ पुन्हा आली नाही, आणि मी ती कोल्हार येईपर्यंत नुसती घालवली.

पुढच्या रविवारी आबा विहारात गेले नाहीत. त्यानंतर कधीच गेले नाहीत. पोरं काही आठवडे वाट बघून पांगली, असं आईने कुणाकडून तरी ऐकलं. त्या पहिल्या रविवारी कडक ऊन होतं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. साडेआठला बंगल्यावर जाऊन, वही घेऊन ते थेट घरी आले. मी चहा पीत होते. माझ्यापुढे वही धरून ते उभे राहिले.

"ह्ये शून्य खरं हाय," म्हणाले. "मी सोता बघून लिवलंय. बाटली तशीच हाय, पायजे तर तू बघून ये."