कोल्ड स्टोअरेजमधलं ग्राफिक्स कार्ड

सूनबाईंचा कॉम्प्युटर पोपटरावांनी बिघडवला नाही. मी बिघडवला.

एवढी दोन वाक्यं लिहायला मला पाच वर्षं लागली. या पाच वर्षांत मी भर पंगतीत ताटात पडलेल्या माझ्या कवळीची गोष्ट सांगितली, दुसऱ्याच्याच वरातीत तासभर नाचलो तीही सांगितली. पण कॉम्प्युटरचा विषय निघाला, की मला एकदम बागेत पाणी सोडायची आठवण व्हायची. (पावसाळ्यातसुद्धा!)

आम्ही तासगावचे. द्राक्ष पिकवायची आणि बेदाणा करायचा, यातच माझी चाळीस वर्षं गेली. धाकट्या मुलाचं लग्न झालं आणि ऋतुजा घरात आली. ती पाचगणीची. येताना तिनं स्वतःच्या हातानं जोडलेला एक कॉम्प्युटर आणला. काळा, एका बाजूला काच, आत पंखे आणि सतत रंग बदलणारे दिवे. पहिल्या दिवशी शालननं, म्हणजे आमच्या मंडळींनी, त्याला हळदकुंकू लावलं. देव्हारा समजून नव्हे, पण एवढे दिवे लागलेत तर लावलेलं बरं, म्हणून.

ऋतुजा त्यावर दिवसा ऑफिसचं काम करायची आणि संध्याकाळी गेम खेळायची. गेम म्हणजे पोरखेळ, अशी माझी समजूत होती. तिनं ती दूर केली. कॉलेजपासूनच्या चार मैत्रिणींचा संघ होता. चौघींनी चार ठिकाणी बसून एक किल्ला राखायचा. त्या वर्षी हा संघ एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. फेरी रविवारी दुपारी चार वाजता. महिना एप्रिल.

आता पोपटराव. हे शालनचे धाकटे भाऊ, साताऱ्याचे. उभी नोकरी लष्करात, वायरलेसवर. घरातला रेडिओ, पंखा, मिक्सर, शेजाऱ्याची मोटर, काहीही बिघडलं की पोपटराव स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हजर. बेदाण्याच्या हंगामात ते आमच्याकडे मुक्कामाला यायचे. त्या वर्षी आल्याआल्या ते त्या कॉम्प्युटरच्या प्रेमातच पडले. ऋतुजा त्यांना समजावून सांगायची आणि ते मला समजावून सांगायचे.

"दाजी, ह्यो प्रोसेसर. ह्यो हुकूम सोडणार. ही रॅम. ऐनवेळंला हाताशी लागंल ते हितं. आन् हे ग्राफिक्स कार्ड. सगळं चित्र ह्येच काढतंय. हे गेलं की खेळ खल्लास."

"गेलं तर दुसरं आणायचं."

"मिळतंय कुठं! लोकं कॉम्प्युटरवर न दिसणारी नाणी पिकवत्यात. त्याला हीच कार्डं लागत्यात. उचलून नेली समदी."

"ते पीक कुणी बघितलंय?"

"कुणीबी न्हाई."

"मग घेतंय कोण?"

"समदी! लय भाव हाय!"

द्राक्षं डोळ्यांनी दिसतात, हातात घेता येतात, खाता येतात आणि तरी त्यांना भाव नसतो, हे मला त्या क्षणी फार लागलं. असो.

शनिवारी पोपटरावांनी ऋतुजाच्या परवानगीनं कॉम्प्युटरची काच काढली आणि सायकलच्या पंपानं आतली धूळ उडवली. काच बसवली. कॉम्प्युटर सुरू केला, उत्तम चालला. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. पुढं पाच वर्षं ते कुणीच लक्षात ठेवलं नाही.

रविवारी सकाळी ऋतुजानं थोडा सराव केला आणि कपाळाला हात लावला.

"अण्णा, कार्ड पंच्याऐंशी डिग्रीला जातंय!"

"पंच्याऐंशी? आपल्या बेदाण्याच्या शेडमध्येसुद्धा एवढं होत नाही!"

"बंद करून ठेवते. चारपर्यंत गार राहिलं पाहिजे. तुम्ही फक्त लक्ष ठेवा. हात लावू नका."

सांगलीला नात्यात बारसं होतं. शालन, ऋतुजा, मुलगा आणि पोपटराव असे सगळे जीपमधून गेले. तीनपर्यंत परत येणार होते. मी गुडघ्याचं कारण सांगून घरी राहिलो.

आता बघा. माणूस घरात एकटा, बाहेर रणरणतं ऊन आणि डोक्यात एकच वाक्य: गार राहिलं पाहिजे. आमच्या तासगावात जी वस्तू गार राहिली पाहिजे, ती कुठं ठेवतात? दुधपित्या पोराला विचारा, तेसुद्धा सांगेल: कोल्ड स्टोअरेजला! आम्ही बेदाणा ठेवतो, काही लोक चिंच ठेवतात. मग कॉम्प्युटरनं काय घोडं मारलंय?

कॉम्प्युटरच्या तारा काढल्या. (कुठली कुठं होती हे कळावं म्हणून प्रत्येक तारेला वेगळ्या रंगाची सुतळी बांधली. एवढी अक्कल होती!) तो द्राक्षाच्या क्रेटमध्ये ठेवला, वर पोतं टाकलं, क्रेट स्कूटरवर पायाशी घेतला आणि निघालो. गुडघा त्या दिवशी अजिबात दुखला नाही.

कोल्ड स्टोअरेजवर तात्या होते. माझ्या वयाचे, माझा सगळा माल त्यांच्याच हाताखालून गेलेला.

"काय आणलंय रं अण्णा?"

"काळा माल हाय. एकच क्रेट."

"किती दिस ठेवायचा?"

"तीन तास."

तात्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "तीन तास? भाव काय तीन तासात वाढतोय व्हय?"

"तात्या, विचारू नका. सुनेचा हाय."

"मग ठेव बाबा," तात्या म्हणाले. सुनेचं म्हटल्यावर त्यांनी पुढं काहीच विचारलं नाही. त्यांनाही दोन सुना आहेत.

पावणेतीनला मी क्रेट बाहेर काढला. कॉम्प्युटर असा गार झाला होता की हात लावला तर बोटं चिकटतील! मी खुशीत घरी आलो, तो टेबलावर ठेवला, सुतळ्या बघून तारा जोडल्या आणि काचेकडं पाहिलं. काचेवर धुकं! पाचगणीत सकाळी असतं तसं. मी पंच्यानं पुसलं. परत धुकं. परत पुसलं. तिसऱ्यांदा पुसताना काचेवरून पाण्याचा एक ओघळ खाली आला. तो आतल्या बाजूनं होता.

इथं मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. चाळीस वर्षं मी आल्यागेल्या प्रत्येक नवख्या शेतकऱ्याला एकच उपदेश करत आलो: "स्टोअरेजमधून काढलेला माल लगेच उघडायचा नाही. त्याला घाम येतो. एक दिवस तसाच राहू द्यायचा." यावर मी कृषी मेळाव्यात भाषण केलंय. टाळ्या पडल्यात! पण समोर बेदाणा नव्हता, कॉम्प्युटर होता. आणि लोखंडाला घाम येत असेल, असं मला वाटलंच नाही.

जीप उशिरा आली. चारला पाच मिनिटं कमी होती. ऋतुजा चप्पल दारात उडवून आत धावली, तिनं हात लावला आणि ओरडली, "अय्या! कित्ती गार आहे!"

मी मिशीतल्या मिशीत हसलो. तिनं बटण दाबलं.

आधी सगळे दिवे लागले. मग फट्ट असा आवाज झाला. मग एकही दिवा राहिला नाही. खोलीत जळक्या वायरचा वास पसरला.

ऋतुजानं पुन्हा बटण दाबलं. मग पुन्हा. फोनवर मैत्रिणी ओरडत होत्या, "ऋतू, ये ना! सुरू झालं!" तिघींनी किल्ला पाऊण तास लढवला. ऋतुजा टेबलाशी बसून फोनवर नुसतं ऐकत होती. शेवटी किल्ला पडला. ती रडली नाही. रडली असती तर मी तिथंच सगळं ओकलो असतो.

शालन भावाकडं वळली. "पोपट, काल पंप मारलास तू!"

पोपटराव पांढरे पडले. "ताई, पंपात ओल आसंल. माझ्या ध्येनात यायला पायजे हुतं. चुकी माझीच. ऋतुजा, बाळ, माफ कर मला."

आता माझी पाळी होती. मी पुढं झालो, घसा साफ केला, सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी म्हणालो, "चहा टाकू का?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं पोपटराव साताऱ्याला गेले. स्क्रू-ड्रायव्हरची पिशवी मुद्दाम आमच्याकडंच ठेवून गेले. ऋतुजानं त्यांना केव्हाच माफ केलं होतं. (जो गुन्हा त्यांनी केलाच नव्हता तो!) त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा वेळ जावा म्हणून तिनं त्यांना ट्रक चालवायचा गेम आणि खोटं स्टेअरिंगसुद्धा नेऊन दिलं. पण पोपटरावांनी कुठल्याही यंत्राचा स्क्रू म्हणून फिरवला नाही. गेल्या महिन्यात आमचा मिक्सर बंद पडला. शालननं त्यांना फोन लावला. मी शेजारीच होतो.

"न्हाई बा, ताई. दुकानात दे. माझ्या हाताला आता यश न्हाई."

ते वाक्य मला चहाबरोबर गिळता येईना. मी तिथंच, नाश्त्याच्या टेबलावर, सगळं सांगून टाकलं. क्रेट, पोतं, तात्या, सुतळ्या, धुकं. शालननं पोह्यांची बशी हातातच धरून ठेवली. ऋतुजा माझ्याकडं बघतच राहिली.

"कोल्ड स्टोअरेज?"

"हो."

"माझा कॉम्प्युटर? बेदाण्याशेजारी?"

"चिंचेशेजारी. बेदाण्याकडं जागा नव्हती."

मग ती जी हसत सुटली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! माझ्या छातीवरचा पाच वर्षांचा धोंडा गडगडत खाली गेला. पण डोळे पुसून ती म्हणाली, "माझं राहू दे, अण्णा. आधी साताऱ्याला जा."

गेलो. पोपटराव टीव्हीसमोर स्टेअरिंग धरून बसले होते. पडद्यावर भलामोठा ट्रक घाट चढत होता.

"या दाजी, या! काचंचा माल हाय. तीन दिस झालं चालवतोय, अजून एक वरखडा न्हाई. हे वळण संपलं की पोचलो."

मी उभ्याउभ्याच म्हणालो, "पोपटराव, तो कॉम्प्युटर तुमच्यामुळं गेला नाही. मी तो कोल्ड स्टोअरेजला ठेवला होता. त्याला घाम आला होता."

पोपटरावांनी ट्रक जागीच थांबवला. स्टेअरिंगवरचे हात उचलून ते हातांकडं बघत राहिले.

"म्हंजी… माझा पंप?"

"कोरडा ठणठणीत होता."

"रंजनाऽऽ!" ते स्वयंपाकघरातल्या बायकोला उद्देशून असे ओरडले, की शेजारच्या बाई खिडकीत आल्या. "आगं ऐकलंस का? पंप कोरडा हुता! त्यो बंद पडल्याला टेबलफॅन कुठंय? आन् सुरी आण, स्क्रू-ड्रायव्हर तासगावला ऱ्हायलाय!" मला त्यांनी खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. "दाजी, तेवढं स्टेअरिंग धरा. वळण हाय. आलोच!"

आतून सुरीनं स्क्रू फिरवल्याचा आवाज येऊ लागला. पाच वर्षांनी! शेवटी पंख्याची घरघर आणि रंजनावहिनींच्या टाळ्या ऐकू आल्या. मला भरून आलं. डोळे मिटून मी माफीचं वाक्य मनात जुळवलं: पोपटराव, मला माफ करा, माझ्याकडून फार मोठं नुकसान झालं. जुळवताना पायाखालचं स्टेअरिंगबरोबरचं पेडल जरा दाबलं गेलं असावं. डोळे उघडले तेव्हा पडद्यावर घाट नव्हता. आभाळ होतं, आणि त्यात ट्रकची चार चाकं फिरत होती.

"दाजी," पोपटराव पंखा घेऊन दारात उभे होते, "काचा कुठायत?"

वाक्य तयार होतं, ओठांवर आलं होतं. पण आता ते नेमकं कोणत्या नुकसानीसाठी म्हणायचं, हे मला शेवटची एसटी निघेपर्यंत ठरवता आलं नाही.