पापडखाराचं पोतं

कापसाच्या जिनिंगमधल्या वाफेच्या इंजिनात ठोके पडायला लागले, तशी हातातली भाकर टाकून मी बॉयलरकडे पळालो. असा ठोका म्हणजे वाफेबरोबर पाणीही सिलिंडरमध्ये शिरलेलं. आमचे आगवाले रहीमचाचा भट्टीत बाभळीची लाकडं सारत होते. बॉयलरच्या अंगाला काचेची नळी असते, तिच्यात आतलं पाणी कुठवर आहे ते दिसतं. ते पाणी नुसतं वरखाली नाचत होतं.

“चाचा, खार किती टाकला?”

“मालक बोलले तेवढा. पोतंच रिकामं केलं, मिस्त्री.”

माझं डोकंच फिरलं!

हा लोणारच्या तळ्यातला पापडखार. पापडात पडतो, तसाच साबणाला, रंगाऱ्याला, बांगडीच्या काचेलाही लागतो. आमच्या बीडच्या विहिरींचं पाणी जड. त्यातला चुना बॉयलरच्या नळ्यांवर दगडासारखा बसतो आणि लाकूड फुकट जळतं. चिमूटभर खार घातला की त्याच चुन्याचा गाळ होतो, तो रोज खालच्या तोटीतून सोडून द्यायचा. ही युक्ती मीच जिनिंगमध्ये आणली. लाकूड वाचलं आणि देशमुख मालकांना हाव सुटली. पण खार जास्त झाला की पाणी दुधासारखं उतू जातं. मग काचेत दिसतो तो फेस. खरं पाणी किती, देव जाणे.

मी इंजिनची वाफ बंद केली. फेस बसला. काचेतलं पाणी उतरत उतरत दिसेनासंच झालं.

मालक तणतणत आले. “जिन कामून थांबवलं रं? तलवाड्याच्या कापसाच्या गाड्या खोळंबल्यात!”

“आत पाणी न्हाई, मालक.”

“मग सोड की पाणी!”

चाचांनी पंपाच्या कॉकला हात घातला. मी तो गच्च धरला. “नका, चाचा! नळ्या लाल झाल्या असतील. गार पाणी पडलं तर बॉयलर फुटंल. आग ओढा बाहेर!”

“आग विझवलीस तर उद्यापासून येऊ नको,” मालक ओरडले.

“न्हाई येत. पण आज आग ओढणारच. बाजूला व्हा, तुमीबी मराल!”

मालक मागं सरले. आम्ही दोघांनी जळती लाकडं ओढून काढली. चाचांचे हात भाजले. मला नुसतं रडू येत होतं, रागानं की भीतीनं कोण जाणे.

गार झाल्यावर बॉयलर उघडला. वरच्या नळ्या काळ्यानिळ्या पडून वाकल्या होत्या. मालकांनी कंदील आत धरून पाहिलं आणि तिथंच खाली बसले. नव्या नळ्या हैदराबादेहून येईपर्यंत गाड्या दुसऱ्या जिनला गेल्या. मला मात्र त्यांनी काढलं नाही.

“हा खारच लई वाईट, मिस्त्री,” ते म्हणाले.

हाताला तेल चोळत चाचा म्हणाले, “खार गरीब हाय, मालक. त्याला बोलता येत न्हाई.”

पुढच्या हंगामात मी खार पुन्हा सुरू केला. फक्त खाराच्या कोठीची किल्ली माझ्या कमरेला ठेवली, आणि मालकांनी मागितली तरी दिली नाही.