मी नेमाचा माणूस कसा झालो

आता हे कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला? ज्या तोंडानं घोटाळा केला, त्याच तोंडानं सांगावं लागणार. दुसरं आणू कुठून! तुम्ही आधी चहा घ्या. बशीत चिवडा आहे, तोही घ्या. ही गोष्ट सांगताना समोरचा माणूस खाताना दिसला की मला जरा धीर येतो.

मी तेव्हा सोळा वर्षांचा. निपाणीत आमची तंबाखूची वखार. शाळा मराठी चौथीपर्यंत, पुढची सगळी विद्या पोत्यांवर बसून. आमच्या धंद्याची गोम अशी, की पिकवणारा पुष्कळदा कानडी बोलतो आणि घेणारा मराठी. ज्याला एकच भाषा येते त्यानं वखार झाडावी. म्हणून काही व्यापारी घरांत एक रीत होती. पोरांची अदलाबदल! कानडी घरातला मुलगा वर्षभर आमच्याकडं, आमचा त्यांच्याकडं. फी नाही, मास्तर नाही. घरच्या बायकांची बोलणी खात भाषा शिकायची.

माझी अदलाबदल ठरली चिकोडीजवळच्या खेड्यातल्या भूपाल आप्पांशी. जैन घर, शेकडो झाडांची आंबराई, चिकोडी भागातला नावाजलेला तंबाखू. त्यांचा बाबगोंडा आमच्याकडं येणार, मी तिकडं जाणार.

निघताना बाबांनी बजावलं, "सदा, तितं नाक कापून आलास तर दुसऱ्या दिवशी बाबगोंडा माघारी जाईल, आन् आप्पांचा माल दुसऱ्याच्या वखारीत. मग तू हाईस आन् झाडू हाय. ध्यानात ऱ्हाऊ दे."

आई म्हणाली, "आन् ताट बघितलं की हावऱ्यावानी बसू नगंस. दोनदा न्हाई म्हनायचं, तिसऱ्यांदा बसायचं. चांगल्या घरची पोरं तशीच करत्यात."

बाबांचं विसरलो असतो तरी चाललं असतं हो. मी नेमकं आईचं ध्यानात ठेवलं!

भाद्रपदातली दुपार कलताना मी तिथं उतरलो. सकाळी न्याहारी केलेली, वाटेत गाडीचे हिसके, पोटात नुसता खड्डा. आप्पांनी पाठ थोपटली. त्यांची म्हातारी आई, तिला सगळं गाव अव्वा म्हणे, तिनं गालावरून हात फिरवला. ऊन अजून अंगणात होतं, तोवर आप्पांची सून चंद्राक्का ताट घेऊन आली. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, तुपाची वाटी. वास असा, की माझे डोळे मिटले.

"ऊटा माडप्पा," ती म्हणाली, आणि मला कळावं म्हणून मराठीत, "जेव बाळा."

मी उठून उभा राहिलो. मान खाली घातली. दोन्ही हात जोडले आणि गोड आवाजात म्हणालो, "नको."

आमच्या घरी इथून पुढं खरी लढाई सुरू होते. "असं कसं? अर्धी तरी! माझ्या गळ्याची आण हाय तुला!" पाहुणा पळतो, यजमान धरतो, शेवटी पाहुणा चार भाकऱ्या हाणतो. मी दुसऱ्या "नको"ची तयारी करून उभा होतो.

चंद्राक्कानं ताट उचललं आणि आत गेली.

गेली ती गेलीच! मी दाराकडं बघतोय. अव्वानं माझ्याकडं पाहिलं, डोळे मिटले आणि चक्क मलाच हात जोडले. मी म्हटलं, वा, या मुलखात आग्रहाची पद्धत जरा लांबलचक दिसते. बसलो वाट बघत. घरातली सगळी माणसं भराभर जेवली. सूर्य टेकाडामागं गेला. चंद्राक्कानं चूल विझवली, भांडी पालथी घातली आणि सैपाकघराला कडी लावली.

दिवस मावळला की त्या घरात दाणा तोंडात जात नाही, हे मला कुणी सांगायचं?

सकाळी जागा झालो तो उशाशी सात-आठ बायका. एक एक येते, नमस्कार करते, जाते. मला वाटलं मी मेलो की काय!

चंद्राक्काला गाठलं. "आक्का, ह्या बाया कशाला आल्यात?"

"तुला बघाय. पर्वाचे दिस हाईत ह्ये आमचे, उपासाचे. पर्वात हात जोडून ताट परतवलं की त्यो नेम झाला. नेमाच्या मानसाला परत इचारायचं न्हाई, पाप लागतं. आमच्यातला नसून तू पैल्याच दिशी नेम धरलास. आप्पांच्या डोळ्यांत पानी आलं बग."

"आक्का, पर मी..."

तेवढ्यात आप्पाच आले. मागं बस्तीचे, म्हणजे त्यांच्या देवळाचे, उपाध्ये. आप्पा छाती फुगवून म्हणाले, "आमच्या घरातला नेम तिनाखाली न्हाई! तीन दिस, एक वेळ उकळलेलं पानी. पोरा, तुझ्या बाला सांगावा धाडलाय मी. म्हटलं, हिरा दिलास मला!"

सांगा आता, काय बोलू? 'आप्पा, मी फक्त लाजत होतो, ती भाकरी आणा' असं? म्हणजे हिऱ्याचा कोळसा, बाबगोंडा माघारी, आणि माझ्या हातात झाडू. मी गप्प राहिलो. उपाध्ये हळूच म्हणाले, "मौन बी धरलंय वाटतं." झालं! त्यानंतर माझ्याशी कुणी बोलेना. कानडी शिकायला गेलो होतो मी!

पहिला दिवस काढला. दुसऱ्या दिवशी सांगावा नेणारा गाडीवान उत्तर घेऊन आला. बाबांनी कळवलं होतं, आम्हाला धन्य वाटलं, चिरंजीवांनी नेम सोडू नये. आणि खाली आईच्या सांगण्यावरून एक ओळ जास्त: 'बाबगोंडा सुखरूप आहे. दूधभात आवडीनं खातो. अंग धरलं आहे.' दोन दिवसांत अंग धरलं आहे! माझ्याच ताटात!

त्याहून वाईट पुढं झालं. संध्याकाळी अव्वा ओसरीवरून उठताना तिचा झोक गेला. मी धरलं. हात काडीसारखा. चंद्राक्का म्हणाली, "दोन दिस काय घेतलं न्हाई तिनं."

मी हातानंच विचारलं, का?

अव्वाच बोलली, "दुसऱ्याच्या आईचं पोर माझ्या दारात उपाशी, आन् मी भाकरी मोडू? तू सोडशील तवा मी सोडंन."

सत्तर वर्षांची म्हातारी हो! माझ्या एका खोट्या 'नको'पायी! चांगला माणूस असता तर तिथंच पायावर पडून सगळं सांगून मोकळा झाला असता. मीही ठरवलं, उद्या सकाळी सांगायचंच. पण उपाशी पोटी धीर येईना. म्हटलं, आधी चार घास खावे, मग खरं बोलावं. खरं बोलायलाही अंगात जोर लागतो की नाही?

तिसऱ्या दिवशी घरी पत्र टाकायच्या निमित्तानं चिकोडीला निघालो. निमित्तही मौनात, खुणांनी. वाटेत दोनदा बसलो. बाजारात एका चहावाल्याच्या कढईत कांदाभजी तळली जात होती. पुढचं मला नीट आठवत नाही. शेवटी चहावाला म्हणाला एवढं आठवतं, "पावनं, जरा दमानं! कागद बी खाल्लासा!"

पोट भरलं, धीर आला. वाटभर कबुलीजबाब जुळवत परतलो. वेशीत येतो तो पिपाणी आणि ताशा! सगळं गाव उभं. तिसरा दिवस पुरा होणार म्हणून माझी मिरवणूक! आप्पांनी खांद्यावर हिरवी शाल टाकली. उपाध्यांनी गळ्यात हार घातला. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. भक्तीनं नव्हे, कांद्यापायी. ज्या घरात कांदा उंबऱ्याच्या आत येत नाही, त्या घराच्या दारात मी आतून कांद्यानं भरून उभा!

अव्वाला दोघींनी धरून आणलं. ओठ सुकलेले. गंधाची वाटी घेतली, माझ्या अगदी जवळ आली आणि म्हणाली, "वाकून उभा ऱ्हा, माझा हात पोचंना." मी वाकलो. आणि वाकताना, काय करणार, श्वास सुटला.

तिचं बोट माझ्या कपाळावर थांबलं.

थांबलं ते थांबलंच. मी डोळे मिटले. म्हटलं, संपलं. निपाणी, वखार, झाडू.

अव्वानं गंध नीट गोल लावलं, वळली आणि ताशावाल्याला थांबवून मोठ्यानं म्हणाली, "माझं वय झालं, माझा नेम हितं पुरा. पर पोरगं ऐकंना झालंय. उद्याचा चौथा बी करतो म्हनतंय!"

लोकांनी जयजयकार केला. आप्पा तर रडलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वानं मला समोर पाटावर बसवलं. स्वतः आधी मुगाचं पाणी घेतलं, मग मऊ भात, त्यावर तूप, सावकाश, एकेक घास. मधेच हळू आवाजात म्हणाली, "ह्यो एक खरा कर. मागल्या तिनाचं काय सांगायचं ते देवाला मी सांगते."

मी केला. दिवसभर तिच्यासमोर बसून केला. घरात ती कुणाला एक अक्षर बोलली नाही, मरेपर्यंत बोलली नाही. वर्ष पुरं झालं, कानडी आली, आप्पांचा तंबाखू आजही आमच्याच वखारीत येतो.

पण खरी शिक्षा कुठली, सांगू? त्या खऱ्या उपवासाची गावात कुणालाच किंमत नाही. नाव झालं ते आधीच्या तीन दिवसांवर. आता केस पिकले, पोट पुढं आलं, तरी त्या गावात मी नेमाचा माणूस. मालाच्या कामाला गेलो की चंद्राक्काच्या सुना लांबूनच नमस्कार करतात. जेवणाचं विचारायची कुणाची छाती होत नाही.

मागच्या खेपेला गेलो तेव्हा त्यांच्याकडं मुलाची मुंज होती. पुरणपोळीची पंगत. मला ओसरीवर स्वच्छ घोंगडं, उकळून गार केलेलं पाणी, आणि वारा घालायला एक पंखेवाला. माझा गाडीवान पंगतीत बसला आणि नऊ पोळ्या खाऊन उठला.

निपाणीपर्यंत सारी वाट ढेकर त्याचे, आणि पुण्य माझं!