दळवीकाकांची काडतुसं

सायकलला दिवा लावून तिच्या शेजारून पायी चालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत, माझ्या शेजारच्या खोलीत राहणारे दळवीकाका. अंधार पडल्यावर सायकलला दिवा हवा, असा तेव्हा नियम होता. तो चालवणाऱ्यासाठी आहे, ढकलणाऱ्यासाठी नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "मास्तर, नियमात सायकल म्हटलंय. माणूस कुठे बसलाय ते नाही म्हटलेलं," असं म्हणत त्यांनी दिवा विझवला, सायकल जिन्याखाली कुलूप घालून ठेवली आणि समाधानाने म्हणाले, "चला, आज झोप लागेल."

काका कोर्टात कारकून होते. जन्मभर दुसऱ्यांचे गुन्हे लिहून लिहून एखादा आपल्याही हातून होईल, अशी त्यांना धास्ती बसली होती. "कागदावरचं भूत परवडलं, पण कागदाबाहेरचा देव नको," हे त्यांचं ब्रीद. दूधवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांनी ते ऐकून घेतलेलं होतं.

अशा माणसाच्या नशिबी बंदूक यावी! मालवणकडच्या गावी रानडुकरांसाठी ठेवलेली ती वडिलांची एकनळी. वडील गेले आणि परवाना काकांच्या नावावर झाला. मग बंदूक मुंबईत आली आणि धोतरात गुंडाळून पलंगाखाली झोपली. काकांनी ती एकदाही उडवली नाही. वर्षातून एकदा, दसऱ्याला, काकी तिला पाटावर घ्यायच्या, नळीवर झेंडूचं फूल ठेवायच्या, दोन काडतुसांना कुंकू लावायच्या. काकांचा कायदा कोर्टातला होता, काकींचा देव्हाऱ्यातला. दोघांचं भांडण झालेलं मी कधी ऐकलं नाही, कारण दोन्ही कोर्टांची कधी गाठच पडली नव्हती.

ती पडली काका निवृत्त होऊन कायमचे गावी निघाले तेव्हा. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. त्याच वर्षी आमच्या भागात गोळीबार झाला होता, गल्लीतल्या एका घरातला कर्ता मुलगा गेला होता. 'काडतूस' हा शब्द चाळीत कुणी मोठ्याने उच्चारत नव्हतं. त्यामुळे जो तो काकांना बाजूला घेऊन सांगे, तांदळाच्या डब्यात तळाला टाका आणि गुपचूप बोटीत बसा. तळमजल्यावरचा सदू प्रत्येक मोर्चात पुढे असायचा. तो म्हणाला, "काका, त्यापेक्षा माझ्याकडे द्या ना, सांभाळतो." काका पुढे आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

त्यांनी मला सोबत घेतलं आणि थेट पोलीस ठाणं गाठलं. आत जाऊन हात जोडले आणि कोर्टात पुकारा करावा तशा आवाजात म्हणाले, "साहेब, माझ्या घरात काडतुसं आहेत. ती मला मुंबईबाहेर न्यायची आहेत." हवालदाराने ओठाला लावलेली बशी खाली ठेवली. आमच्या मागचं दार कुणीतरी लावून घेतलं. काकांनी परवाना काढून टेबलावर ठेवला, तेव्हा कुठे दार उघडलं आणि आम्हालाही चहा आला. साहेबांनी समजावून सांगितलं: बंदूक रिकामी करून एका पेटीत, काडतुसं दुसऱ्या पेटीत, दोन्हींना कुलूप, धक्क्यावर तपासणी आणि मग पेट्या बोटीच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात. शेवटी हसून म्हणाले, "काका, दुसरा कुणी असता तर तांदळाच्या डब्यात टाकून गेला असता."

"अहो, अख्खी चाळ मला तेच सांगतेय!" काका म्हणाले. मी चहात तोंड खुपसलं.

दोन्ही पेट्या त्यांनी सुताराकडून करून घेतल्या आणि काडतुसांच्या पेटीवर ठळक पांढऱ्या अक्षरांत 'काडतुसे' असं रंगवलं. लपवालपवी नको, म्हणून. निघायच्या दिवशी टॅक्सीवाल्याने ती अक्षरं वाचली आणि भाडं न विचारताच रिकामी गाडी हाकली. शेवटी हातगाडी केली. काकी सामानामागून, देवांची करंडी पदराखाली धरून. लालबागला नेमका मोर्चा आडवा आला. पोरांनी पेटीवरची अक्षरं वाचली आणि घोषणा थांबल्या. गर्दी आपोआप दुभंगली. कुणीतरी ओरडलं, "काका, कुणाच्या बाजूने?"

"परवान्याच्या!" काकांनी तितक्याच मोठ्याने सांगितलं. मोर्चाने टाळ्या वाजवल्या आणि आम्ही घोडपदेववरून भाऊच्या धक्क्याला पोचलो.

धक्क्यावरच्या फौजदाराने पेटी उघडली, काडतुसं मोजली, परवान्यावरच्या आकड्याशी ताडून पुन्हा मोजली. "दोन कमी आहेत," तो म्हणाला.

त्या वर्षी मुंबईत हरवलेली काडतुसं नुसती हरवली आहेत, यावर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. परवाना, गाव, जन्मभर सांभाळलेली अब्रू, सगळंच त्या दोन काडतुसांबरोबर जाणार होतं. माझ्या डोळ्यांसमोर सदू आला. काकांनी टोपी काढली, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, "साहेब, मला अटक करा."

"ती माझ्याकडे आसत," ट्रंकेवर बसलेल्या काकी म्हणाल्या. "देवाच्या करंडीत."

"तुझ्याकडे? कशी?"

"दसऱ्याक कुंकू लावलेली ती. पुजलेली वस्तू सामानात कशी घालूची?"

काका फौजदाराकडे वळले. "ऐकलंत? म्हणजे गुन्हा सिद्धच झाला. करा अटक."

"करा," काकी म्हणाल्या, "पण बोट सुटात. देव कोण घेऊन जातलो?"

फौजदाराने एकदा बोटीकडे पाहिलं, एकदा करंडीकडे. मग तो वाकला आणि बुटांचे बंद सोडू लागला. अनवाणी होऊन, दोन्ही हातांची ओंजळ करून त्याने काकींकडून ती कुंकवाची काडतुसं घेतली आणि पेटीत ठेवली. "आता बरोबर आहेत. जा," तो म्हणाला. काका हलेनात. करंडीची झडती नियमाने व्हायलाच हवी, असा त्यांचा हट्ट. शेवटी मी आणि हमालाने त्यांना दंडाला धरून बोटीवर चढवलं.

पुढे एकदा मी त्यांच्या गावी गेलो होतो. रानडुकरं खुशाल कणगीचे कंद उकरत होती आणि काका पडवीत उभे राहून पत्र्याचा डबा बडवत होते. बंदूक का नाही काढत, विचारलं, तर म्हणाले, "एक काडतूस उडवायचं म्हणजे किती लिखापढी, मास्तर!" त्यांच्यासारखा निरुपद्रवी बंदूकधारी सबंध कोकणात नसेल. मला त्यांचा फार लळा होता.

काका गेल्याचं कळलं तेव्हा मी पुन्हा गेलो. बंदूक आता ठाण्यात जमा करायची होती. ती मी नेतो म्हटलं, पण काकी ऐकेनात. बंदुकीची पेटी आणि 'काडतुसे' लिहिलेली पेटी गड्याच्या डोक्यावर देऊन त्या स्वतः निघाल्या, आणि पदराखाली करंडी घेतली. ठाण्यात पेट्यांचं काम झालं. मग त्यांनी करंडी टेबलावर ठेवली, एकेक देव बाहेर काढून मांडला आणि रिकामी करंडी हवालदारासमोर उलटी करून दाखवली. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "आजी, ह्याची काय गरज नाय."

"तुमका नसात," काकी म्हणाल्या. त्यांनी देव पुन्हा करंडीत ठेवले, डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चला मास्तर. आता त्येंका झोप लागतली."