चौदा देशांचा फ्लेक्स

मंडळी, संतोषच्या रॅपचे परदेशी व्ह्यूज मला आठ हजाराला पडले. संतोषला त्यांची किंमत पडली परमनंट नोकरी.

माझा सणसवाडीत छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. संतोष जवळच्या राहू गावचा, इथल्याच एका कंपनीत कामाला. गाणं चांगलं होतं, पण नवं नाव कोण ऐकणार? म्हणून त्याला न सांगता मी व्ह्यूज विकत घेतले. वर राहूच्या चौकात फ्लेक्स लावला, 'चौदा देशांत गाजलेला आपला रॅपर!'

खरं तर गाणं गाजलेलं नाही, हे माझ्या कानाला तेव्हाच कळत होतं. टपरीवर, रिक्षात, कुणाच्याच तोंडी त्याची एक ओळसुद्धा नव्हती.

आज सकाळी गावानं सत्कार केला. संतोष माइकवर म्हणाला, "काल राजीनामा दिला. आता फकस्त रॅप!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

त्याचे वडील, आबा, मला बाजूला घेऊन म्हणाले, "शेठ, त्या लोकास्नी आपली भाषा कळती व्हय? मला तर निम्मं कळंना."

मी हसून म्हणालो, "आबा, बीटला भाषा नसते."

"तुमी म्हणताय म्हंजी खरंच आसंल," म्हणत त्यांनी मला पेढा भरवला.

दुपारी संतोषला फोन करून सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "फ्लेक्स तुमीच उतरवा." उद्या राजीनामा मागे घ्यायला त्याच्याबरोबर मीही कंपनीत जातोय. पण आबांना काय तोंड दाखवू, सांगा.

फ्लेक्स उतरवलाय. चौदा देशांतून खरी कमेंट एकच आली होती, दुबईत गाडी चालवणाऱ्या त्याच्या मेहुण्याची.