वन्संचा साकव

डोली पऱ्याच्या मधोमध आली आणि बांबूचं पुढचं टोक खांद्यावर घेतलेला साहेब पाण्यात गेला. डोलीत मी होते. फुरसं चावून पाय मांडीपर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं, आणि वीज कंपनीच्या फाउंडेशनच्या ज्या फ्लेक्समध्ये मला बांधलं होतं, त्यावरचे अध्यक्ष नेमके माझ्या नाकासमोर येऊन हसत होते. डोली कलली. पाणी माझ्या कानात शिरलं. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात माझ्या मोठ्या नणंदेनं एका हातानं बांबू धरला, दुसऱ्या हातानं साहेबाची कॉलर धरली, आणि छातीएवढ्या पाण्यात पाय रोवून त्याला विचारलं, "साहेब, साकव करताय की नाय? हितंच सांगा."

हट्टी माणसं मी पुष्कळ पाहिली. मीही काही कमी नाही. पण वन्संसारखं माणूस साऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरं झालं नसेल. यम दारात आला तर त्या त्याला ओट्यावर बसवतील आणि आधी विचारतील, येताना पऱ्या कसा ओलांडलास ते सांग. मी चौथी शिकले, त्या तिसरीत नापास झाल्या. त्यांना नापास करणारे मास्तर पुढे एका श्रावणात पऱ्यात पडले, हे त्या अजून समाधानानं सांगतात. सगळ्या जगाला ऐकू कमी येतं अशी त्यांची समजूत आहे, त्यामुळे त्यांचं गुपितसुद्धा दोन वाड्यांना कळतं. लग्न त्यांचं वाडीतल्या वाडीतच झालं, म्हणून सासरी गेल्या तरी माझ्या डोळ्यांसमोरून हलल्या नाहीत. माझ्या चुलीवर काय शिजतं ते त्यांना त्यांच्या पडवीतून वासानं कळायचं आणि तिथूनच त्या मीठ कमी आहे म्हणून सांगायच्या. बहुतेक वेळा ते खरं असायचं.

आमची वाडी पऱ्याच्या अलीकडे, डांबरी रस्ता पलीकडे. पऱ्या म्हणजे डोंगरातून येणारा ओढा, उन्हाळ्यात त्यात चप्पल भिजत नाही, पावसात म्हैस वाहून जाते. त्यावर दोन पोफळीची खोडं टाकलेली आणि धरायला एक सुंभाची दोरी, हा आमचा साकव. शाळेतली पोरं त्यावरून, गॅसचा सिलिंडर त्यावरून, नवरीसुद्धा शालू खोचून त्यावरूनच. दर पावसात खोडं एकदा तरी वाहून जायची आणि पाणी उतरेपर्यंत वाडी अलीकडेच अडकायची. पुरुष मुंबईला नाहीतर लोट्याच्या कारखान्यांत. नवी खोडं टाकायची ती आम्ही बायांनी आणि गुरवानं. वन्सं माणसाची पारख या साकवावरच करायच्या. मुलगी बघायला आलेला मुलगा चपला हातात घेऊन ताठ चालत आला तर चांगला, दोरीला लोंबकळत आला तर मध्यम. त्यांचा स्वतःचा जावई बसून सरकत सरकत आला. मुलीनं हट्टानं त्यालाच होकार दिला. त्याला दोन मुलं झाली, मुंबईत फ्लॅट झाला, तरी वन्सं त्याला अजून 'सरकतं स्थळ' म्हणतात, आणि तोही फोनवर तसंच नाव सांगतो.

वीज कंपनी खाली खाडीच्या बाजूला आली, आणि तिच्या मागोमाग तिचं फाउंडेशन आलं. मी त्याला नावं ठेवणार नाही. माझ्या डोळ्यांवर हा चष्मा आहे तो त्यांच्या शिबिरातला. शाळेला त्यांनी संडास बांधून दिले, बायांना काजूगर सोलायचं शिकवलं, आणि त्यांची दवाखान्याची गाडी ठरल्या वारी पलीकडच्या रस्त्यावर येऊन उभी राहते, डॉक्टरसकट. वन्संना हे सगळं मान्य होतं. त्या फक्त एवढंच म्हणायच्या की गाडी पलीकडे उभी आहे. बचत गटाला शिलाई मशिनी मिळाल्या तेव्हा वन्सं पुढे झाल्या, मशीन घेतली, आणि देणाऱ्या बाईला म्हणाल्या की चांगली आहे, पण हिच्यावर बसून पऱ्या ओलांडता येत नाही. ती मशीन त्यांनी अंगणात नेली आणि तिच्यावर आमसुलं वाळवली. कोणी काही दिलं की त्या नाही म्हणत नसत. घेऊन झाल्यावर साकवाचं विचारत. फाउंडेशनच्या माणसांच्या दर थोड्या दिवसांनी बदल्या होतात, तेव्हा नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावं लागायचं, आणि प्रत्येक जण जाताना सांगून जायचा की प्रपोजल पाठवलंय. वन्संनी मग आपल्या एका कोंबडीचं नाव प्रपोजल ठेवलं. ती कायम खुडूक बसायची आणि पिल्लू एकही काढायची नाही. वाडीत कोणी साकवाचं विचारलं तर वन्सं खुराड्याकडे बोट दाखवायच्या आणि सांगायच्या, बसलंय अजून.

मग हा साहेब आला. सोलापूरकडचा, उंच, कोवळा, बोलताना मान हलवायची सवय असलेला. त्यानं देवळात कार्यक्रम ठेवला आणि ज्येष्ठ म्हणून वन्संना दोन शब्द बोलायला सांगितलं. वन्सं नारळ घेऊन उठल्या आणि देवाकडे तोंड करून त्यांनी सरळ गाऱ्हाणंच सुरू केलं. आमच्याकडे गाऱ्हाणं घालायचं ते गुरवानं. गुरव तोंड उघडं टाकून बघत राहिला. पण गाऱ्हाणं सुरू झालं की प्रत्येक मागणीला सगळ्यांनी मिळून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही लहानपणापासूनची सवय. त्यात डोकं लागत नाही.

"बा म्हाराजा, आज ही लेकरा तुज्या पायाशी जमली हायत."

"व्हय म्हाराजा."

"ह्या कंपनीच्या लेकरालाय तू बरकत दे."

"व्हय म्हाराजा."

"आनि ह्या लेकराच्या हातनं आमच्या पऱ्यावर पक्को साकव बांदून घे."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यांत मोठा आवाज साहेबाचा होता. त्याला बिचाऱ्याला वाटलं की हा इथला टाळ्या वाजवायचा प्रकार असेल. नारळ फोडून झाल्यावर वन्संनी त्याच्या हातावर खोबरं ठेवलं आणि सांगितलं की आता झालं, देवासमोर तुम्ही कबूल केलंत. तो हसला. त्याला कळायला वेळ लागला की वाडीत दुसरं कोणीच हसत नाहीये.

त्यानंतर तो जेव्हा येईल तेव्हा वन्सं पऱ्याच्या काठावर उभ्या. साहेब मेटाकुटीला आला. एकदा माझ्या ओट्यावर बसून त्यानं त्यांना नीट समजावून सांगितलं. फाउंडेशन तीनच गोष्टींना पैसे देतं, शिक्षण, आरोग्य आणि रोजगार. साकव हे बांधकाम झालं, ते कशातच बसत नाही. मी चहा गाळत होते. वन्संनी चहाचा कप खाली ठेवला.

"पोरं त्याच्यावरून शाळेत जातात, शिक्षणात घाला. म्हातारी मानसं गाडीकडे जातात, आरोग्यात घाला. बाया काजू घेऊन जातात, रोजगारात घाला. साकव तुमच्या तिन्ही खात्यांत बसतोय साहेब. तुमीच कशात बसत नाय."

साहेबानं मान हलवली. सवयच ती. पण त्या दिवशी तो चहा न पिता बराच वेळ पऱ्याकडे बघत बसला, आणि वरच्यांना विचारतो म्हणाला. वरचे नाही म्हणाले. त्यानं तसं येऊन तोंडावर सांगितलं, याचं मला बरं वाटलं. आधीच्यांनी ते फोनवर सांगितलं असतं. वन्सं म्हणाल्या, पुन्हा विचारा.

फुरसं मला चावलं त्या दिवशी साहेब सौरकंदील वाटायला आला होता. सकाळी पाणी बेताचं होतं, तो साकवावरून आला. देवळाला फ्लेक्स बांधला. इकडे मी कुंपणाच्या दगडी गडग्यावर वाळत टाकलेलं गोणपाट उचलायला गेले, आणि दगडांच्या फटीतून फुरशानं पायाला दंश केला. तोवर वरच्या डोंगरावर पाऊस होऊन पऱ्या फुगला होता आणि दोन्ही खोडं गेली होती. दवाखान्याची गाडी पलीकडे उभी होती. डॉक्टर हात हलवून काहीतरी ओरडत होता, ते पाण्याच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. कोणीतरी म्हणालं की मांत्रिकाला बोलवा. वन्संनी त्याच्याकडे असं बघितलं की तो घरीच गेला. कोणीतरी म्हणालं की पाणी उतरेपर्यंत थांबू. वन्सं म्हणाल्या, ती थांबंल, वीख नाय थांबायचं. आणि देवळाचा फ्लेक्स त्यांनी स्वतः ओढून काढला, कारण चादर भिजून फाटते आणि फ्लेक्स फाटत नाही. बांबू आणला. मागे गुरव लागला. पुढे लागायला धड माणूसच नव्हता. साहेबानं बूट काढले आणि तो बांबूखाली गेला. पोहता येत नाही हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. वन्सं वरच्या अंगाला, प्रवाह अडवून.

तो घसरला तो मधल्या शेवाळलेल्या खडकावरून. वन्संनी त्याला कॉलर धरून उभं केलं आणि तो प्रश्न विचारला. साहेबाच्या तोंडात पाणी होतं. ते थुंकून तो म्हणाला, "मावशी, आधी वहिनींना पलीकडे नेऊ. मग मी नोकरी सोडून बांधीन." वन्सं म्हणाल्या की नोकरी सोडलीत तर पैसे कोण देणार, आणि बांबूचं पुढचं टोक आपल्याच खांद्यावर घेतलं. पलीकडे पोचेपर्यंत त्यांनी ते त्याला परत दिलं नाही. सत्तरीची बाई. साहेबानं बाजूनं डोली धरली आणि ती माझ्या डोक्याशी वर उचलून ठेवली, म्हणून माझं नाक पाण्याबाहेर राहिलं. पुढचं मला नीट आठवत नाही. गाडी, सुई, रत्नागिरीचं सिव्हिल हॉस्पिटल. गणपती होऊन गेल्यावर मी घरी आले. तेव्हा कळलं की वन्संचा डावा खांदा निखळला होता आणि त्यांनी आठवडाभर कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं काय त्यात, त्या म्हणाल्या, दुसरा हाय ना. तो हात आता डोक्याच्या वर जात नाही. त्यांची वेणी मी घालते. घालताना त्या मला सांगतात की मी ओढते.

साहेबानं वरच्यांना पुन्हा विचारलं. या वेळी, म्हणतात, डोलीचा तो फ्लेक्सच तो घेऊन गेला होता, चिखलासकट, आणि मीटिंगच्या टेबलावर पसरला होता. साकव आरोग्याच्या खात्यात बसला. चैत्रात बांधून झाला, सिमेंटचा, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा. वन्संनी त्यावरून एक फेरी मारली, कठडा हलवून पाहिला आणि सांगितलं की उतार जरा जास्त झालाय. तेवढ्यात साहेबाची बदली झाली. जाताना तो पाया पडायला आला तर वन्संनी त्याला डबाभर आमसुलं दिली आणि पुढच्या गावात कुठल्या पऱ्याला साकव नाही याची चौकशी करायला सांगितलं.

आता शाळा बंद झालीय, पोरंच उरली नाहीत. घरांना कुलपं आहेत, ती गणपतीत उघडतात. सिमेंटच्या साकवावरून रोज जाणारी आम्ही चार-दोन म्हातारी माणसं. वन्सं सकाळी एका हातानं तो झाडतात. कोणासाठी झाडता, मी विचारलं, तर म्हणाल्या की येईल कोणीतरी. उन्हं कठड्यावर आली की आम्ही दोघी तिथे टेकतो आणि खालचं पाणी बघतो.

त्या दिवशी पाण्यात आम्ही चौघं होतो, गुरव, साहेब, वन्सं आणि मी. चौघंही जिवंत बाहेर आलो.