पारोळ्याची गाडी

धुळ्याच्या बसस्थानकावर बालसुरक्षेचा फलक आहे. त्यावर मुलांपेक्षा पुढारी जास्त. त्याखाली शाळेच्या गणवेशातली एक मुलगी कपड्यांची पिशवी धरून रडत होती. शेजारी बसलेल्या अनोळखी आजी तिला म्हणाल्या, "माय, माले वाचता येत नही. पारोळानी गाडी उनी का सांगजो."

मुलगी डोळे पुसून पाट्या वाचू लागली.

गाडी आली. "गर्दी शे, पुढली पाहू," आजी म्हणाल्या. गाडी तर निम्मी रिकामी होती. मागच्या बाकावरून मी तसं सांगताच त्या माझ्या कानाशी कुजबुजल्या, "माले बठ्ठं वाचता येस, भाऊ. हाई पोर घर सोडीसन उनी शे. एकली कशी सोडू?"

बऱ्याच वेळाने मुलगीच म्हणाली, "आजी, तुमच्या फोनवरून आईशी बोलू?"

आजींनी फोन दिला आणि मला नजरेनेच लांब पिटाळलं.